जस्ताच्या मातीतला जिवाणू १६एसला ९८ टक्के जुळतो. नवी प्रजाती म्हणायची का?

भीमाकाठ यांनी विचारलं:

नमस्कार मंडळी. सोलापूर शहराबाहेर गॅल्व्हनायझिंगची एक शेड बरीच वर्षं बंद आहे. तिच्या मागच्या ओढ्याकाठची काळी माती घेतली. १० मिलिमोलर झिंक सल्फेट घातलेल्या न्यूट्रिअंट अगारवर २८ अंशांना चार दिवसांत मलईच्या रंगाच्या कॉलन्या आल्या. ग्रॅम ऋण, दंडाकार, हलणारा, कॅटलेज आणि ऑक्सिडेज दोन्ही धन.

१६एस (जिवाणू ओळखण्यासाठी वाचतात ते जनुक) वाचायला २७एफ प्रायमरने एक सँगर रीड (डीएनएच्या एका तुकड्याचं वाचन) केला. साधारण ८०० बेस मिळाले. ब्लास्टमध्ये (सीक्वेन्स डेटाबेसशी जुळवणाऱ्या प्रोग्राममध्ये) सर्वांत वरची जुळणी क्युप्रिॲव्हिडस वंशातली आली, ९८.० टक्के. आता गोंधळ असा की विभागात एक जण म्हणतो, ९७ टक्क्यांच्या खाली असेल तरच नवी प्रजाती. दुसरा म्हणतो, हल्ली ९८.७ धरतात. खरं कोणतं? १० मिलिमोलर जस्तात वाढतो, हा नवेपणाचा पुरावा धरता येईल का? जीनोम (जिवाणूचा संपूर्ण डीएनए) वाचून घ्यायचा तर किती डेटा मागवायचा? आणि शेवटी वाण (शुद्ध केलेला जिवाणू) जमा कुठे करायचा?

मातीचं जस्त एका प्रयोगशाळेतून ॲक्वा रेजियाने (तीव्र आम्लांच्या मिश्रणाने) मोजून घेतलं आहे. पीएच ८.३.

---

शुद्ध_वाण यांचं उत्तर:

९७ की ९८.७, हा वाद थोडा बाजूला ठेवा, कारण तुमचा ९८.० हा आकडाच अजून भरवशाचा नाही.

८०० बेसमध्ये ९८ टक्के म्हणजे १६ जागी फरक. क्रोमॅटोग्राम (रीडचा शिखरांचा आलेख) उघडा आणि ते १६ फरक कुठे पडलेत ते एकेक करून बघा. सँगर रीडच्या शेवटच्या १०० बेसमध्ये शिखरं पसरट होतात आणि एकमेकांवर चढतात. १६ पैकी १० फरक त्या शेपटात असतील तर शेपूट कापल्यावर ७०० बेसमध्ये ६ फरक उरतील. म्हणजे ९९.१ टक्के. कापण्यापूर्वीची "नवी प्रजाती" कापल्यावर जुनीच निघते, आणि हे फार वेळा होतं.

दुसरी गोष्ट ब्लास्टची. साध्या डेटाबेसमध्ये कोणीही कसंही नाव देऊन टाकलेले सीक्वेन्स असतात. प्रजाती ठरते ती टाइप स्ट्रेनशी (प्रजातीच्या अधिकृत नमुना-वाणाशी) तुलना करून. त्यासाठी इझबायोक्लाउड या डेटाबेसमध्ये टाइप स्ट्रेनपुरता शोध घ्या, आणि अलीकडे मान्य झालेली नावं एलपीएसएनवर (जिवाणूंच्या नावांच्या यादीवर) तपासा. जवळची प्रजाती गेल्याच वर्षी प्रसिद्ध झाली आणि आपल्याला पत्ताच नव्हता, असं व्हायला नको.

पूर्ण १६एस हवं, किमान १,४०० बेसच्या वर. २७एफ आणि १४९२आर ही प्रायमरची जोडी घ्या. २५ मायक्रोलिटरच्या रिॲक्शनमध्ये १२.५ दुप्पट तीव्रतेचा मास्टर मिक्स, १० मायक्रोमोलर प्रायमर प्रत्येकी १, डीएनए १ (२० ते ५० नॅनोग्रॅम) आणि पाणी ९.५. ९५ अंशांना ५ मिनिटं, मग ३० चक्रं: ९५ ला ३० सेकंद, ५५ ला ३० सेकंद, ७२ ला ९० सेकंद. शेवटी ७२ ला ७ मिनिटं. चक्रं ३५-४० पर्यंत ओढू नका. टॅक एन्झाइम बहुधा ई. कोलायमध्येच बनवलेलं असतं. त्यातला लेशमात्र डीएनए जास्त चक्रांत वर येतो आणि निगेटिव्ह कंट्रोललाही बँड दिसतो. तसा बँड दिसला तर ती सगळी प्लेट फेकायची, "फिकट आहे, चालेल" म्हणायचं नाही.

एका रीडमधून चांगले ७०० बेस मिळतात, म्हणून दोन टोकांच्या प्रायमरशिवाय मधले ५१८एफ आणि ८००आर सुद्धा चालवा. चारही रीड जोडल्यावर प्रत्येक जागा दोन्ही दिशांनी वाचलेली असली पाहिजे. प्रायमरचा स्वतःचा भाग दोन्ही टोकांना कापून टाका, कारण तो भाग प्रायमरचा असतो, जिवाणूचा नव्हे.

आता तुमचा मूळ वाद. ९७ टक्के हा स्टॅकब्रांट आणि गोबेल यांचा १९९४ चा आकडा. त्याच्या खाली असेल तर डीएनए-डीएनए संकरण (दोन जिवाणूंचे डीएनए किती जुळतात याची कसोटी) ७० टक्क्यांपर्यंत जात नाही, असं त्यांना दिसलं होतं. २००६ मध्ये स्टॅकब्रांट आणि एबर्स यांनी मर्यादा ९८.७ ते ९९ वर नेली. २०१४ मध्ये जीनोमांच्या मोठ्या संचावरून ९८.६५ हा आकडा आला. १,४५० बेसमध्ये तो साधारण २० जागांचा फरक होतो. तेव्हा ९८.७ म्हणणारा बरोबर आहे.

पण हा उंबरठा एकाच बाजूने चालतो. त्याच्या खाली असाल तर नवी प्रजाती असण्याची शक्यता दांडगी. वर असाल तर काहीच सिद्ध होत नाही. बॅसिलस सेरियस गटात १६एस ९९ टक्क्यांच्या वर जुळूनही प्रजाती वेगळ्या आहेत. म्हणून ९८.९ आला तरी वाण टाकून देऊ नका.

आणि हो, शुद्धता. धातूच्या प्लेटवर एक फसवणूक नेहमी होते. सहनशील जिवाणू आपल्याभोवतीचं जस्त बांधून टाकतो आणि त्याच्या आडोशाला दुसरा नाजूक जिवाणू वाढतो. डोळ्याला कॉलनी एकच दिसते. म्हणून एकदा जस्तासह आणि एकदा जस्ताशिवाय आर२ए या कमी पोषणाच्या अगारवर, असं आलटून पालटून किमान तीनदा स्ट्रीक करा. मग वेगवेगळ्या पाच कॉलन्यांचं १६एस वाचा. पाचही अक्षर न अक्षर सारखे आले पाहिजेत. पहिल्या शुद्ध पिढीचे २० टक्के ग्लिसरॉलमधले दहा व्हायल उणे ८० ला ठेवून द्या. बिनधातूच्या माध्यमावर वाण फिरवत राहिलात तर प्लाझमिड (गुणसूत्राबाहेरचा डीएनएचा तुकडा) गळू शकतो, आणि सहा महिन्यांनी हातात उरतो तो वेगळाच जिवाणू.

---

वाफसा यांचं उत्तर:

सीक्वेन्सचं वर आलंच आहे. मी माती आणि धातूबद्दल लिहितो, कारण "१० मिलिमोलर" हा आकडा मला खटकला.

न्यूट्रिअंट अगारमध्ये पेप्टोन असतं. त्यातली अमिनो आम्लं आणि पेप्टाइड जस्ताला धरून ठेवतात. तुम्ही १० मिलिमोलर घातलं, पण जिवाणूला मोकळं जस्त त्याच्या किती तरी कमी भेटलं. त्याच प्लेटवर साधा ई. कोलाय लावून बघा. तोही अपेक्षेपेक्षा जास्त धातू सोसताना दिसेल. फॉस्फेट बफर असलेल्या माध्यमात याहून वाईट होतं. झिंक फॉस्फेटचा पांढरा साका बसतो, माध्यम गढूळ होतं, आणि आपण समजतो वाढ झाली.

सहनशक्ती मोजायची तर ट्रिस या बफरचं किमान माध्यम (फक्त गरजेपुरते घटक असलेलं) करा. लिटरला ट्रिस ६.०६ ग्रॅम, सोडियम क्लोराइड ४.६८, पोटॅशियम क्लोराइड १.४९, अमोनियम क्लोराइड १.०७, सोडियम सल्फेट ०.४३, सहा पाण्याचं मॅग्नेशियम क्लोराइड ०.२०, दोन पाण्याचं कॅल्शियम क्लोराइड ०.०३. फॉस्फेट अगदी बेताचं, ०.२ मिलिमोलरच्या आसपास. लोह चिमूटभर, अमोनियम सायट्रेटच्या रूपात. कार्बनसाठी सोडियम ग्लुकोनेट २ ग्रॅम. हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच ७.० करा. ७.५ च्या वर गेलात तर जस्त हायड्रॉक्साइड होऊन खाली बसायला लागतं. ट्रिसची खरी बफर-ताकद ८ च्या आसपास आहे, ७ ला तो कमजोर पडतो. म्हणून धातू घातल्यावर पीएच पुन्हा मोजायचाच. तांब्याला ट्रिस स्वतःही थोडं बांधतं, तेव्हा तांब्याचे आकडे या माध्यमातही सांभाळून वाचा.

झिंक सल्फेटचा १ मोलर साठा म्हणजे सात पाण्याचं मीठ २८.७५ ग्रॅम, १०० मिलिलिटरमध्ये. ०.२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून गाळा आणि अगार ५० अंशांवर आल्यावर घाला. माध्यमासोबत ऑटोक्लेव्ह करू नका. ०, ०.५, १, २, ४, ८, १२ मिलिमोलर अशी चढती मालिका लावा. रात्रभराचं कल्चर ०.१ ओडीला (गढूळपणाचं माप) आणून शंभर पट पातळ करा आणि १० मायक्रोलिटरचा थेंब ठेवा. दाट थेंब ठेवला तर मेलेल्या पेशींचा थरच वाढीसारखा दिसतो. पाच दिवस थांबा. प्रत्येक प्लेटवर दोन साक्षीदार हवेत, एक ई. कोलाय आणि एक क्युप्रिॲव्हिडस मेटॅलिड्युरन्सचा टाइप स्ट्रेन.

तो टाइप स्ट्रेन, सीएच३४, मुद्दाम सांगतोय. १९७६ मध्ये बेल्जियममधल्या एका जस्त कारखान्याच्या गाळटाकीतून तो वेगळा केला गेला. जस्त, कॅडमियम आणि कोबाल्ट बाहेर फेकणारा त्याचा सीझेडसी पंप पीएमओएल३० या प्लाझमिडवर आहे. दोन्ही मोठे प्लाझमिड काढून टाकलेला एई१०४ हा त्याचाच भाऊ, प्रजाती तीच, पण जस्तापुढे लगेच मान टाकतो. जस्तात वाढणं हा नवेपणाचा पुरावा का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. धातू सोसणं ही प्रजातीची ओळख धरता येत नाही. ती शिदोरी आहे, शेजाऱ्याकडून घेता येते आणि वाटेत सांडतेही. शोधनिबंधात ती माहिती जरूर द्या, पण "जस्त सोसतो म्हणून नवा" हे वाक्य कुठेही येऊ देऊ नका.

आता माती. ॲक्वा रेजिया एकूण जस्त सांगतं, जिवाणूला भेटणारं नव्हे. आपल्याकडची काळी माती चुनखडीची, पीएच ८ च्या वर. त्यात बरंचसं जस्त कार्बोनेटला आणि चिकणमातीला चिकटून पडलेलं असतं. सोबत डीटीपीएने (धातू धरून ठेवणाऱ्या रसायनाने) निघणारं जस्त मोजा: ०.००५ मोलर डीटीपीए, ०.०१ मोलर कॅल्शियम क्लोराइड, ०.१ मोलर ट्रायइथॅनॉलअमाइन, पीएच ७.३. १० ग्रॅम वाळलेली माती, २० मिलिलिटर द्रावण, बरोबर दोन तास हलवायचं. दोनाचे तीन तास झाले तर आकडा चढतो आणि इतरांच्या आकड्यांशी तुलना होत नाही.

नमुना पुन्हा घेणार असाल तर जस्ती पत्र्याचं घमेलं आणि खोरं वापरू नका. जस्त मोजायला जायचं आणि जस्त बरोबर न्यायचं, असं होतं. स्टेनलेस स्टीलचा उलथणा आणि प्लॅस्टिकची पिशवी पुरे. दुसरं, उन्हाळ्यात काळ्या रानाला हातभर भेगा पडतात आणि वरची दूषित माती थेट खाली जाते. "३० ते ४५ सेंटिमीटर" म्हणून घेतलेल्या नमुन्यात भेगेतली वरची माती आली तर खोलीचा सगळा हिशोब चुकतो. भेगेपासून दूर, अखंड ढेकळात खणा. ओढ्याच्या वरच्या अंगाला, शेडच्या अलीकडे, एक ताळ्याचा नमुना हवाच.

जिवाणूंसाठीची माती वाळवू नका. ओली काळी माती चाळणीला चिकटते, वाळली की दगड होते. वाफशावर असताना हाताने मोडा आणि २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. १० ग्रॅम माती, ९५ मिलिलिटर ०.१ टक्के सोडियम पायरोफॉस्फेट, काचेचे मणी, १५० फेऱ्यांवर अर्धा तास. साध्या सलाइनमध्ये काळ्या मातीचे कण सुटत नाहीत आणि निम्मे जिवाणू गाळाबरोबर तळाला जातात. दहा मिनिटं निवळू द्या, मग वरच्या पाण्यातून १० चा उणे २ ते उणे ६ घात अशा पातळ्या करा. आर२ए वर २८ अंशांना दहा दिवस ठेवा. दुसऱ्या दिवशी दिसणाऱ्या जाड कॉलन्या बहुधा ओळखीच्याच असतात. नवं काही मिळालंच तर ते पाचव्या दिवसानंतर येणाऱ्या टाचणीच्या टोकाएवढ्या कॉलन्यांत.

इन्क्युबेटर कोणता आहे तेही बघा. साध्या इन्क्युबेटरला फक्त तापवता येतं. एप्रिल-मे मध्ये सोलापुरात खोलीच ३८ वर असते, तिथे त्याच्यावर २८ लिहिलेलं असलं तरी आत २८ नसतं. थंड करणारा बीओडी इन्क्युबेटर लागेल, आणि आत वेगळा थर्मामीटर ठेवून दिवसातून दोनदा वाचा.

---

भीमाकाठ:

दोघांचेही मनापासून आभार. शेपूट कापली, चारही प्रायमरने पुन्हा वाचलं. आता १,४४८ बेस आहेत, सर्वांत जवळच्या टाइप स्ट्रेनशी २५ जागी फरक, म्हणजे ९८.२७ टक्के. पाचही कॉलन्या सारख्या आल्या. त्याच प्लेटवरचे आणखी दोन आयसोलेट (वेगळे काढलेले जिवाणू) आहेत, त्यांचंही १६एस तेच. मग हे तीन वाण धरायचे का? आणि आता जीनोम आधी की चरबीआम्लं, एपीआय (जैवरासायनिक चाचण्यांच्या तयार पट्ट्या) वगैरे आधी?

---

गुणसूत्र यांचं उत्तर:

जीनोम आधी. एएनआय (दोन जीनोम सरासरी किती टक्के जुळतात तो आकडा) ९७ आला तर वाण जुन्याच प्रजातीचा, आणि बाकीचा सगळा खर्च वाचतो.

क्युप्रिॲव्हिडसचे जीनोम मोठे असतात. सीएच३४ चा साधारण ६.९ मेगाबेस आहे: ३.९ चं गुणसूत्र, २.६ चं दुसरं मोठं रेप्लिकॉन (स्वतंत्रपणे दुप्पट होणारा डीएनए), आणि २३४ व १७१ किलोबेसचे दोन प्लाझमिड. तुमचा ७ धरा. १०० पट वाचन म्हणजे ०.७ गिगाबेस. १ गिगाबेस मागवा, २×१५० चे इल्युमिनाचे छोटे रीड. ५० पटीच्या खाली जाऊ नका, वर्गीकरणासाठी तीच किमान पातळी धरतात. प्लाझमिड आणि सीझेडसीची जनुकं नीट मांडायची असतील तर सोबत नॅनोपोरचे लांब रीड घ्या. या वंशात उड्या मारणारी पुनरावृत्त जनुकं बरीच असतात आणि नुसत्या छोट्या रीडमध्ये प्लाझमिडचे तुकडे होतात. प्रजाती ठरवायला मात्र इल्युमिना पुरतं.

डीएनए पाठवताना २६०/२८० गुणोत्तर १.८ ते २.० बघून थांबू नका. नॅनोड्रॉप आरएनएलाही डीएनए समजतं. आरएनएज घाला, क्यूबिटवर मोजा, आणि ०.८ टक्के जेलवर एकच जड बँड आहे, खाली ओघळ नाही, हे बघा.

असेंब्ली (रीड जोडून जीनोम बांधणं) झाल्यावर पहिलं काम चेकएम, म्हणजे जीनोमची शुद्धता तपासणारा प्रोग्राम: पूर्णता ९५ टक्क्यांच्या वर, भेसळ ५ च्या खाली. तुमच्यासारख्या कामात मी भेसळ १ च्या वर गेली तरी पुन्हा स्ट्रीक करायला सांगेन. दुसरं काम, जीनोममधून १६एस काढून तुमच्या सँगरच्या १६एसशी ताडून बघायचं. जुळलं नाही तर नळी बदलली किंवा वाण मिसळला. हे न बघता पुढे गेलेले निबंध नंतर मागे घ्यावे लागतात.

मग तुलना. टीवायजीएस या सर्व्हरवर जीनोम चढवला की तो जवळचे टाइप स्ट्रेन स्वतः शोधतो आणि डिजिटल डीडीएच (डीएनए-डीएनए संकरणाचा जीनोमवरून काढलेला आकडा) देतो. त्यात तीन सूत्रांचे आकडे येतात. दुसऱ्या सूत्राचा घ्या, कारण अर्धवट जीनोममुळे तो बिघडत नाही. ७० च्या खाली म्हणजे वेगळी प्रजाती. सोबत ऑर्थोएएनआय किंवा फास्टएएनआय या प्रोग्रामने एएनआय काढा, तिथे रेषा ९५ ते ९६. दोन्ही एकाच दिशेला बोलले पाहिजेत. फास्टएएनआय ८० च्या खालचे आकडे भरवशाचे देत नाही, तेव्हा दूरच्या नातेवाइकांसाठी तो वापरू नका. जी+सी चं (डीएनएमधल्या जी आणि सी या बेसचं) प्रमाण जीनोमवरून काढा. एकाच प्रजातीत ते १ टक्क्याहून जास्त हलत नाही.

तुलनेच्या यादीत फक्त सर्वांत वरची जुळणी ठेवणं ही नेहमीची चूक. १६एसला तिसऱ्या क्रमांकावर असलेली प्रजाती जीनोमला पहिली निघू शकते. वंशातले सगळे टाइप स्ट्रेन घ्या. प्रत्येक जीनोम खरोखर टाइप स्ट्रेनचाच आहे का, हे नोंदीत तपासा. प्रजातीचं नाव तेच पण स्ट्रेन भलताच, असे जीनोम पुष्कळ आहेत. एखाद्या टाइप स्ट्रेनचा जीनोम उपलब्धच नसेल तर तो वाण मागवून तुम्हालाच वाचावा लागेल.

तीन आयसोलेटबद्दल: एकाच प्लेटवरचे, एकच १६एस, म्हणजे बहुधा एकाच पेशीची लेकरं. बॉक्स-पीसीआर किंवा एरिक-पीसीआर (एकाच प्रजातीतले वाण वेगळे ओळखायच्या पद्धती) करून डीएनएच्या पट्ट्यांचा नमुना बघा. तिघांचा सारखा असेल तर वाण एकच, तीन म्हणून लिहायचं नाही. ओढ्याच्या खालच्या अंगाच्या दुसऱ्या नमुन्यातून आणखी एक मिळाला तर मात्र निबंधाला खरं वजन येईल. एकाच वाणावर प्रजाती मांडता येते, पण प्रजातीच्या आत किती फरक असतो ते त्यातून कळत नाही.

माझं स्पष्ट मत, एएनआय आणि डीडीएच दोन्ही रेषेच्या चांगले खाली आल्यावर चरबीआम्लांवर महिने घालवण्यात फारसा अर्थ नाही.

---

शुद्ध_वाण:

शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. प्रजाती जीनोमने ठरते हे मान्य, पण वर्णन जीनोमने पुरं होत नाही. उद्या दुसऱ्या कोणाला हा जिवाणू भेटला तर तो काय खातो, किती तापमानात वाढतो, हे त्याला तुमच्याच वर्णनातून कळणार. परीक्षकही ते मागतातच.

मात्र करायचं ते शेजारी-शेजारी करा. जवळचे दोन-तीन टाइप स्ट्रेन मागवून त्याच दिवशी, त्याच माध्यमावर, त्याच हाताने. दुसऱ्याच्या निबंधातला तक्ता उचलून आपल्या आकड्यांशेजारी लावणं ही यातली सर्वांत मोठी खोट. चरबीआम्लं माध्यम, तापमान आणि वय यांवर हलतात. ट्रिप्टिक सोय अगार, २८ अंश, २४ तास, चार भागांत केलेल्या स्ट्रीकच्या तिसऱ्या भागातून ४० मिलिग्रॅम ओल्या पेशी. एक वाण २४ तासांचा आणि दुसरा ४८ चा घेतला तर सायक्लोप्रोपेनची चरबीआम्लं जुन्या वाणात वाढलेली दिसतात, आणि आपण त्याला प्रजातीचा फरक म्हणून बसतो. या वंशात सी१६:०, समड फीचर ३ (एकत्र मोजली जाणारी चरबीआम्लं) आणि सी१७:० सायक्लो हे मुख्य, क्विनोन क्यू-८. यापेक्षा फार वेगळं आलं तर आधी स्वतःच्या प्लेटवर संशय घ्या.

पीएचच्या मालिकेत प्रत्येक टप्प्याला बफर हवा: ५ ते ६ ला एमईएस, ६.५ ते ७.५ ला मॉप्स, ८ ते ९ ला ट्रिस, वर चेस. बफर नसेल तर वाढता जिवाणू स्वतःच पीएच ओढतो. सुरुवातीचा आणि शेवटचा, दोन्ही पीएच लिहून ठेवा. मीठ ० टक्क्यापासून सुरू करताना माध्यमात आधीच असलेलं मीठ विसरू नका, तयार पावडरीत ते बहुधा असतंच. एपीआय २०एनईच्या पट्ट्या कंपनीच्या ठरलेल्या वेळेलाच वाचा, मंद वाढणाऱ्या वाणासाठी वाढवलेला वेळ वेगळा नोंदवा.

एक काळजीचा मुद्दा. क्युप्रिॲव्हिडसच्या काही प्रजाती, उदाहरणार्थ पॉक्युलस आणि गिलार्डी, आजारी माणसांतूनही मिळाल्या आहेत. वाण ओळखला जाईपर्यंत तोंडाने पिपेट करणं, उघड्या बाकावर व्हॉर्टेक्स करणं बंद. क्रोमियमच्या प्लेट करणार असाल तर डायक्रोमेट तोलताना हातमोजे आणि मास्क हवेतच, आणि धातूच्या प्लेटा ऑटोक्लेव्ह करून बेसिनमध्ये ओतायच्या नाहीत. ऑटोक्लेव्ह जिवाणू मारतो, जस्त आणि क्रोमियम तिथेच राहतं. वेगळ्या कॅनमध्ये साठवून धातूच्या कचऱ्यात द्या.

---

नमुनाघर यांचं उत्तर:

जमा करण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. लोक हे काम शेवटाला ठेवतात आणि निबंध त्यातच अडकतो.

नियम असा की टाइप स्ट्रेन दोन वेगवेगळ्या देशांतल्या किमान दोन सार्वजनिक संग्रहांत असला पाहिजे आणि तो कोणालाही निर्बंधाविना मिळाला पाहिजे. दोन्हीकडची प्रमाणपत्रं हातात आल्याशिवाय नाव वैध ठरत नाही. भारतात तुम्हाला सर्वांत जवळचं म्हणजे पुण्याचं राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र, किंवा चंडीगडचं एमटीसीसी. बाहेर जपानचं जेसीएम, कोरियाचं केसीटीसी, जर्मनीचं डीएसएमझेड यांपैकी एक.

वाण देशाबाहेर पाठवण्याआधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे अर्ज लागतो. जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ३९ नुसार नव्या प्रजातीचा नमुना नेमून दिलेल्या भांडारातही द्यावा लागतो. एएनआयचा आकडा हाती आला त्याच आठवड्यात अर्ज करा, लिखाण संपायची वाट बघू नका. अर्जात मातीचा नेमका ठिकाणा, अक्षांश-रेखांश, तारीख आणि जमीनमालकाची संमती लागू शकते, म्हणून नमुना वहीत हे सगळं आजच भरून ठेवा.

पुण्याला वाण नेताना प्लेट नेऊ नका. उन्हाळ्यात झाकणाला पाणी सुटतं आणि दोन वाण एकमेकांत वाहतात. स्क्रूकॅपच्या नळीत स्लँट, वर पॅराफिल्म, त्यावर शोषणारा कागद, मग घट्ट डबा, मग बाहेरचा खोका. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने कोणी पुण्याला जाणार असेल तर जेलपॅकसह हातात द्या, स्लँट दुपारच्या आत पोचतात. कुरिअरने पाठवायचं तर सोमवारी द्या, शुक्रवारी नाही. शनिवार-रविवार गोदामात ४० अंशांत पडून राहिलेला वाण तिथे उगवत नाही आणि संग्रहाकडून "वाढ नाही" असं पत्र येतं. पाठवलेल्या स्लँटचीच एक जोडनळी तुमच्याकडे ठेवा, म्हणजे चूक कुठे झाली ते कळतं. संग्रहाने परत पाठवलेली अँप्युल उघडून तिचंही १६एस वाचा आणि तुमच्याशी ताडा. जमा झालेला वाण तुमचाच आहे याची खात्री याशिवाय होत नाही.

नावाबद्दल दोन शब्द. क्युप्रिॲव्हिडस म्हणजे तांब्याचा हावरा, आणि लॅटिनमध्ये ते पुल्लिंगी आहे. सोलापूरवरून नाव द्यायचं तर "सोलापुरेन्सिस" हे रूप बसतं. वंश नपुंसकलिंगी असता तर "सोलापुरेन्से" करावं लागलं असतं. एलपीएसएनवर त्याच वंशात हे नाव आधी नाही ना, तेवढं बघा. दुसऱ्या वंशात असेल तर चालतं. स्वतःचं नाव प्रजातीला देऊ नका. जस्तावरून नाव द्यायचा मोह होईल, पण वर वाफसा यांनी प्लाझमिडचं सांगितलंच आहे. उद्या त्याच प्रजातीचा जस्त न सोसणारा वाण एखाद्या शेतात मिळाला तरी नाव बदलता येत नाही. गावाचं नाव ठेवा.

---

भीमाकाठ:

वहीत अक्षांश-रेखांश आहेत, जमीनमालकाची लेखी संमती नव्हती, ती या आठवड्यात घेतो. बॉक्स-पीसीआरमध्ये तिघांच्या पट्ट्या सारख्या आल्या, म्हणजे वाण एकच. ओढ्याच्या खालच्या अंगाला दोन जागा ठरवल्या आहेत. पाऊस येण्याआधी, स्टीलचा उलथणा घेऊन. १ गिगाबेसची ऑर्डर उद्या जाते आहे. ट्रिस माध्यमात ८ मिलिमोलरला अजून वाढ नाही, ४ ला तिसऱ्या दिवशी आली. ई. कोलायच्या प्लेटाही पाचव्या दिवशी वाचून आकडे इथेच टाकतो.

---

वाफसा:

४ आणि ८ च्या मध्ये ५, ६, ७ लावा, नाहीतर मर्यादा दुपटीच्या अंतरात अडकून राहील. आणि ८ ची प्लेट पाच दिवस झाल्यावर फेकू नका. त्या थेंबातून जस्ताशिवायच्या आर२ए वर टोचून बघा. जिवाणू मेला आहे की नुसता थांबला आहे, हे तिथे कळेल.